डेल्फ बी२: ऐकण्याच्या पेपरची तयारी कोल्हापुरात बसून कशी करावी?

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. फ्रेंचची डेल्फ बी२ ही प्रमाणपत्र परीक्षा (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) द्यायची आहे. वाचन आणि लेखन ठीक चाललंय, तोंडीचा सरावही मैत्रिणीबरोबर सुरू आहे. घोडं अडतंय ते ऐकण्यात. छापील मजकूर समोर असला की कळतो, आणि तोच मजकूर कोणी बोलून दाखवला की निम्मा हातातून निसटतो. विचारलं तर सगळे एकच सांगतात, 'रोज ऐकत जा'. पण काय ऐकायचं, किती, कसं, आणि कळलं नाही तर नेमकं दुरुस्त काय करायचं? शिवाय पेपर पुण्याला जाऊन द्यायचा आहे, त्याबद्दलही सांगा.

बिंदूचौक
सोपं आहे. घरात दिवसभर फ्रेंच रेडिओ लावून ठेवा. स्वयंपाक करताना, कपडे घडी घालताना, गाडीवरून जाताना. कान आपोआप तयार होतो.

लवंगी_मिरची
मटणाच्या वासानं पोट भरलं असतं तर कोल्हापुरातल्या निम्म्या खानावळी बंद पडल्या असत्या की भावा.

बिंदूचौक
😀 वासानं भूक तरी लागते का नाही?

ध्वनिवेडा
बिंदूचौक यांचं अगदीच चूक नाही. भाषेची लय अंगवळणी पडायला मागं चालू असलेला रेडिओ उपयोगी पडतो, पण बी२ चे गुण त्याने वाढत नाहीत. धागाकर्तीच्या प्रश्नाकडे येतो.

आधी पेपर कसा आहे ते बघा. ऐकण्याचा भाग साधारण 30 मिनिटांचा आणि 25 गुणांचा. त्यातली रेकॉर्डिंगं सगळी मिळून जास्तीत जास्त 15 मिनिटांची, बाकीचा वेळ प्रश्न वाचायला आणि उत्तरं द्यायला. सध्याच्या स्वरूपात तीन प्रश्न असतात. पहिले दोन म्हणजे रेडिओवरची मुलाखत, चर्चा किंवा वृत्तान्त, आणि ते दोनदा ऐकवतात. तिसऱ्यात छोटे छोटे उतारे असतात, ते एकदाच. सगळे प्रश्न पर्यायी. उत्तीर्ण व्हायला एकूण 100 पैकी 50 हवेत आणि चारही भागांत प्रत्येकी किमान 5. म्हणजे ऐकण्यात 4 मिळाले तर लेखनात कितीही चमकलात तरी निकाल नापास.

जालावर जुन्या स्वरूपाच्या भरपूर प्रश्नपत्रिका फिरतात. त्यांत उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहायची असत आणि पहिला उतारा एकदाच ऐकवत. कानाच्या व्यायामाला त्या चालतील. वेळेचं आणि पर्यायांचं गणित मात्र नव्या नमुन्यावरच बसवा. हे नमुने फ्रान्स एदुकासियों इंतरनासियोनाल या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आता सरावाची पद्धत. पूर्ण उतारा घेऊन बसू नका. 40 ते 60 सेकंदांचा तुकडा घ्या, ज्याची लिखित संहिता मिळते असाच.

संहिता न बघता दोनदा ऐका. कोण बोलतंय, कशाबद्दल, आणि बाजूने की विरोधात, एवढं एका ओळीत मराठीत लिहा. मग एकेक वाक्य थांबवून कानावर पडलं तसं फ्रेंचमध्ये उतरवा. एका वाक्याला तीन वेळा, जास्त नाही. तिसऱ्यांदाही कळलं नाही तर जागा मोकळी सोडून पुढे जा. त्यानंतर संहिता उघडून तीन रंगांत खुणा करा. शब्दच माहीत नव्हता, लाल. शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, निळा. सगळे शब्द ओळखले तरी वाक्याचा अर्थ लागला नाही, हिरवा. शेवटी संहिता समोर ठेवून रेकॉर्डिंगच्या बरोबरीने मोठ्याने बोला, आणि दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पुन्हा एकदा संहितेशिवाय ऐका.

सगळं काम या रंगांत आहे. लाल जास्त असेल तर शब्दसंग्रह वाढवायचा, निळा जास्त असेल तर उच्चारांवर बसायचं, हिरवा जास्त असेल तर वाक्यरचनेवर. तिघांची औषधं वेगळी आहेत. 'रोज ऐकत जा' म्हणणारा तिन्ही रोगांना एकच गोळी देतो.

शाहूपुरीकर
वाचनखूण साठवली आहे. एकच शंका, निळा म्हणजे नेमकं काय? माहीत असलेला शब्द ओळखू कसा येत नाही?

ध्वनिवेडा
पुस्तकात शब्द सुटे असतात, बोलताना एकमेकांत वितळतात. 'झ न से पा' (मला माहीत नाही) हे बोलताना 'शे पा' होतं. 'झ स्वी' चं 'श्वी', 'इल्या' चं नुसतं 'या', 'त्यू आ' चं 'ता', 'पार्स क' चं 'पास्क'. मुलाखतीत पाहुणा हे सर्रास करतो, निवेदक कमी करतो. म्हणून निवेदकाचं कळतं आणि पाहुण्याचं डोक्यावरून जातं.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची, म्हणजे लियेझों. 'इल्झोँ' म्हणजे त्यांच्याकडे आहे आणि 'इल्सोँ' म्हणजे ते आहेत. फरक फक्त झ आणि स चा. 'सीझर' सहा वाजता, 'दीझर' दहा वाजता. शब्दाचा पहिला आवाज आधीच्या शब्दाचा असू शकतो हे एकदा डोक्यात बसलं की निळ्या खुणा भराभर कमी होतात.

कात्यायनी_उतरंड
यात मराठी कानाच्या खास अडचणी घालते.

एक, नाकातले स्वर. आपण 'आंबा' म्हणताना प्रत्यक्षात 'म्' उच्चारतो. फ्रेंचमध्ये तिथे म् किंवा न् नसतोच, नुसता स्वर नाकातून जातो. 'व्हाँ' वारा, 'व्होँ' ते जातात, 'व्हँ' वाईन. हे तीन वेगळे ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका. उलट जिथे न् स्पष्ट वाजतो तिथे तो काहीतरी सांगत असतो. 'इल व्यँ' तो येतो, 'इल व्येन' ते येतात. कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांना हे स्वर घरचेच असतात, घाटावरच्यांना मुद्दाम शिकावे लागतात.

दोन, 'ऊ' चे दोन प्रकार. ओठ गोल ठेवून 'ई' म्हणायचा प्रयत्न केला की जो आवाज येतो तो एक, आणि आपला साधा ऊ दुसरा. आपल्या कानाला दोन्ही ऊच वाटतात. मग 'द्स्यू' म्हणजे वर आणि 'द्सू' म्हणजे खाली यांत गोंधळ होतो. तापमान सरासरीच्या वर की खाली असा प्रश्न आला तर संपलं.

तीन, काळ. 'झे पार्ले' मी बोललो, 'झ पार्ले' मी बोलत असे. एका मात्रेवर अर्थ फिरतो.

यांवर उपाय ऐकण्याइतकाच बोलण्याचा आहे. जो आवाज स्वतःच्या तोंडून वेगळा काढता येतो तो कानाला लवकर वेगळा कळतो. अशा जोड्या फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि मूळ उच्चाराशेजारी लावून बघा.

लवंगी_मिरची
वर म्हणायचं का खाली एवढं कळायला ओठ गोल करून ई म्हणायचं. शेजारचे दार वाजवतील ताई.

उचगाव_फाटा
आकड्यांचं काय? तिथे तर पार वाट लागते. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा.

कात्यायनी_उतरंड
एकोणऐंशी म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आकड्यांना हसू नये 😀

आकडा ऐकताना पेन्सिल घाई करते तिथे चूक होते. 'कात्र व्हँ' (चार-वीस, म्हणजे ऐंशी) ऐकलं की 4 लिहायचा नाही, 8 सुद्धा नाही. पुढचा तुकडा ऐकायचा. पुढे 'सेत' आलं तर 87, 'दीसेत' आलं तर 97. तसंच 'स्वासाँत' (साठ) वर थांबायचं, 'सीस' आलं तर 66, 'सेझ' आलं तर 76. सरावासाठी दहा दूरध्वनी क्रमांक घ्या. फ्रान्समध्ये ते दहा आकडी असतात आणि दोन-दोनच्या जोडीने सांगतात, त्यामुळे एका क्रमांकात पाच जोड्या आयत्या मिळतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडचा वक्ता असेल तर सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणेल, दचकू नका.

बी२ ला नुसता आकडा विचारणारा प्रश्न कमीच असतो हेही खरं. पण आकड्यापाशी अडखळलात की पुढची दोन वाक्यं जातात, आणि उत्तर नेमकं त्यात असतं.

शाहूपुरीकर
ऐकायला साहित्य कुठलं घ्यावं? संहितेसकट मिळणारं?

पन्हाळ्याचं_धुकं
आरएफआय या फ्रेंच रेडिओचं 'जुर्नाल आँ फ्राँसे फासील'. रोजचं दहा मिनिटांचं बातमीपत्र, संहिता सोबत, फुकट. बातम्या आधीच मराठी पेपरात वाचलेल्या असतात, त्यामुळे संदर्भ लावायला त्रास होत नाही. टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीचा फ्रेंच शिकण्याचा विभागही चांगला आहे, ए१ ते बी२ पातळीनुसार चित्रफिती आणि त्यांवर प्रश्न.

फक्त तिथेच मुक्काम ठोकू नका. सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र लिहून वाचलेलं असतं. बी२ च्या पेपरात माणसं बोलत असतात, अडखळतात, एकमेकांना तोडतात. बातमीपत्र संहितेशिवाय सहज कळायला लागलं की फ्रान्स इंतर, फ्रान्स क्युल्त्यूर, फ्रान्स इंफो या रेडिओंवरच्या मुलाखतींकडे वळा. विषय घरून काम, शहरातली वाहतूक, कचरा आणि पुनर्वापर, शाळा, आरोग्य, समाजमाध्यमं असे निवडा. पेपरातही असलेच विषय येतात.

बिंदूचौक
वेग कमी करून ऐकलं तर? पाऊणपट लावला की सगळं कळतं.

ध्वनिवेडा
कळतं, पण परीक्षेत पाऊणपट मिळत नाही. वेग कमी केला की स्वर ताणले जातात आणि शब्दांचे सांधे वेगळेच ऐकू येतात, म्हणजे ज्याचा सराव हवा तेच बिघडतं. त्यापेक्षा मूळ वेगातच तुकडा लहान करा. व्हीएलसी प्लेअरमध्ये सुरुवात आणि शेवट ठरवून तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवता येतं. तीन सेकंदांचं वाक्य मूळ वेगात पाच वेळा ऐकणं बरं.

कात्यायनी_उतरंड
इथे माझं मत वेगळं. वाक्य उतरवताना अडलं तर एकदा पाऊणपटाने ऐकायला हरकत नाही, नाहीतर नवशिका माणूस वैतागून सोडून देतो. अट एकच, शेवटचं ऐकणं मूळ वेगातच. इंग्रजी उपशीर्षकं मात्र पूर्ण बंद. ती असली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. फ्रेंच उपशीर्षकं संहितेच्या जागी चालतील. आपोआप तयार होणारी असतील तर नावं आणि गाळलेले शब्द त्यात चुकलेले असतात, एवढं ध्यानात ठेवा.

ध्वनिवेडा
एकदा म्हणता म्हणता दहादा होतं. असो, वेगाबाबत असहमत राहू या.

कागलची_पोर
अवांतर: कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) डेल्फ चालते का? क्लासवाले म्हणतात चालते.

पन्हाळ्याचं_धुकं
एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या अर्जपद्धतीला, नाही. तिथे फ्रेंचसाठी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा, आणि निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर टिकतं पण या कामाला उपयोगाचं नाही. क्लासची फी भरण्याआधी हे कॅनडा सरकारच्या पानावर स्वतः वाचा.

टीसीएफ कॅनडाचं ऐकणं वेगळ्या जातीचं. 39 प्रश्न, 35 मिनिटं, प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच, चार पर्यायांत एक बरोबर. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात, ए१ पासून सी२ पर्यंत. सुरुवातीच्या काही प्रश्नांत चित्र दिसतं आणि पर्यायही ऐकायचे असतात, छापलेले नसतात. एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचच्या जादा गुणांसाठी चारही भागांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंचची पातळी) 7 लागतं, आणि टीसीएफच्या ऐकण्यात त्यासाठी 699 पैकी किमान 458 हवेत. जादा गुण 50, इंग्रजीची तशीच पातळी, सीएलबी, 4 किंवा त्याखाली असेल तर 25.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही रिकामं सोडू नका. एक प्रश्न हुकला तर तिथल्या तिथे अंदाजाने खूण करून विसरा. हुकलेल्याचा विचार करता करता पुढचा गेला तर एका चुकीच्या दोन होतात.

कागलची_पोर
धन्यवाद दादा. क्लास बदलावा लागणार म्हणजे.

लवंगी_मिरची
आधी फी परत माग.

शाहूपुरीकर
मूळ विषयाकडे. ध्वनिवेडा सर, हिरव्या रंगाबद्दल सांगा ना. शब्द सगळे कळतात आणि तरी पर्याय चुकतो, हे सगळ्यात जास्त छळतं.

ध्वनिवेडा
बी२ चा खरा चकवा तिथेच आहे. उताऱ्यात वापरलेला शब्द जसाच्या तसा ज्या पर्यायात दिसतो त्याच्याकडे संशयाने बघा. बरोबर पर्याय बहुतेक वेळा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो.

काही रचना तर सापळ्यासाठीच असतात. वक्ता 'सेर्त' (खरं आहे) म्हणून सुरुवात करतो तेव्हा तो समोरच्याचं मान्य करत असतो, स्वतःचं मत पुढे 'मे' (पण) नंतर येतं. अर्धं ऐकून खूण केली की उलटं उत्तर जातं. 'पुर्ताँ' (तरीही), 'आँ र्व्हाँश' (उलट) ऐकलं की गाडी वळली असं समजा.

दुसरं, बातमीतला शर्तीचा प्रकार. 'ल मिनिस्त्र ओरे देमिसिओने' याचा अर्थ मंत्र्यांनी राजीनामा दिला असा नाही. आपल्या पेपरात 'राजीनामा दिल्याचे समजते' लिहितात ना, तेच. पर्यायांत 'मंत्र्यांनी राजीनामा दिला' आणि 'राजीनाम्याची बातमी आहे, दुजोरा नाही' असे दोन्ही असले तर निर्णय त्या 'ओरे' वर आहे.

तिसरं, नकाराचा 'न' बोलताना गळतो. 'ओँना क द झूर' म्हणजे आपल्याकडे दोनच दिवस आहेत. तिथे 'न' लिहिलेला आहे की नाही हे ऐकून कळतच नाही, कारण जोडाक्षराचा न् तसाही वाजतो. लक्ष 'क' वर ठेवायचं, 'फक्त' हा अर्थ तिथून येतो. तसंच 'प्लू'. 'झाँ व्ह प्लू' मला आता नको, 'झाँ व्ह प्लूस' मला आणखी हवं. शेवटचा स् वाजला की जास्त, नाही वाजला की नकार.

कात्यायनी_उतरंड
थोडी दुरुस्ती. स् चा नियम 'प्लू' वाक्याच्या किंवा तुकड्याच्या शेवटी असेल तेव्हाचा. पुढे विशेषण आलं तर स् न वाजताही अर्थ 'जास्त' असाच. 'प्लू ग्राँ' म्हणजे जास्त मोठा. आणि विशेषण स्वराने सुरू होत असेल तर झ वाजतो, 'प्लूझँपोर्ताँ'.

ध्वनिवेडा
बरोबर. ते लिहायचं राहिलं.

उचगाव_फाटा
पेपर चालू असताना टिपणं काढावीत की नाही?

कात्यायनी_उतरंड
दोनदा ऐकवतात तिथे पहिल्या वेळी टिपणं जवळजवळ नकोत. मिळालेल्या वेळात प्रश्न वाचा. प्रत्येक प्रश्नात का, कोणाच्या मते, कशासाठी यांपैकी काय विचारलंय त्याखाली रेघ मारा. प्रश्न उताऱ्याच्याच क्रमाने येतात, म्हणून बोट चालू प्रश्नावर ठेवा. पहिल्या ऐकण्यात पर्यायाशेजारी ठिपका, दुसऱ्यात फक्त शंकेच्या जागा तपासून पक्की खूण. दुसऱ्या वेळी सगळंच नव्याने ऐकायला गेलात तर पहिलं ऐकणं वाया.

एकदाच ऐकवतात तिथे उतारे छोटे असतात. पर्याय पूर्ण वाचत बसू नका, त्यांतला फरक शोधा. तीन पर्यायांत कर्ता तोच आणि क्रियापद वेगळं असेल तर कान क्रियापदाकडे लावायचा.

पन्हाळ्याचं_धुकं
पुण्याच्या प्रवासाबद्दल कोणीच लिहिलं नाही. लेखी पेपरांत ऐकण्याचा भाग सगळ्यात आधी असतो, मग वाचन, मग लेखन. सकाळी उशीर झाला तर पहिला फटका ऐकण्यालाच. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलं तर ती पहाटे पुण्यात उतरवते, रात्रभर झोप नाही आणि त्याच डोक्याने ऐकायला बसायचं. त्यापेक्षा आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसने जा आणि मुक्काम करा. बसने जाणार असाल तर हायवेच्या कामामुळे वेळेचा भरवसा धरू नका.

डेल्फला आवाज बहुधा खोलीतल्या स्पीकरवर लावतात. कायम इअरफोन लावून सराव केलेल्याला ते जड जातं, कारण खोलीत आवाज घुमतो आणि शब्दांची टोकं बोथट होतात. शेवटचे काही आठवडे फोन चार-पाच हात लांब ठेवून, पंखा चालू ठेवून ऐका. टीसीएफ संगणकावर असेल तर हेडफोन मिळतो, तिथे उलट इअरफोनचाच सराव.

लवंगी_मिरची
पंखा कशाला, महाद्वार रोडवर बसून ऐका. तिथं कळलं तर बी२ काय, सी२ देऊन या.

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ती)
सगळ्यांना दंडवत. ध्वनिवेडा सरांच्या रंगांनी बातमीपत्रातले काही तुकडे करून बघितले. लाल अगदी थोडं, हिरवं तुरळक, कागद सगळा निळा झालाय. आता शब्दांच्या याद्या पाठ करणं बंद करू का?

ध्वनिवेडा
पूर्ण बंद नको, पण निम्मा वेळ तिकडून काढा. निळ्या खुणांची वेगळी वही करा. डाव्या बाजूला कानाला काय ऐकू आलं ते देवनागरीत, उजव्या बाजूला खरं काय होतं ते. पन्नासेक नोंदी झाल्या की त्यांची वर्गवारी करा: जोडाक्षर, गळलेला स्वर, नाकातला स्वर, ऊ ची जोडी. बहुतेकांची एक-दोन वर्गांतच गर्दी असते. ज्या वर्गात जास्त गर्दी आहे त्याची वाक्यं रोज पंधरा मिनिटं रेकॉर्डिंगबरोबर मोठ्याने म्हणा, आणि नवे तुकडे ऐकणं तोवर एक दिवसाआड करा. वर्गवारी झाली की इथे टाका, पुढचं त्यावरून ठरवू.

कात्यायनी_उतरंड
आणि वहीतली डावी बाजू खोडू नका. 'शे पा' ऐकू आलं तर तसंच राहू द्या. पुढच्या वेळी कान तेच ऐकणार आहे, तेव्हा त्याच्यासमोर काय लिहिलंय ते आठवायला हवं.